केबल कोणी उपटली?

अपियो जिना चढून वर आली ती तणतणतच. किसुमूच्या मच्छीमार पतसंस्थेचं सगळं नेटवर्क ती सांभाळायची, आणि आज सकाळपासून काउंटरवरचे संगणक एकेक करून माना टाकत होते. खाली माणसं खोळंबली होती.

वरच्या खोलीत एक अनोळखी तरुण भाजलेलं कणीस खात बसला होता.

"हा लॅपटॉप तुझा?"

"हो. मी ओडेरा, नैरोबीहून नवं सॉफ्टवेअर घेऊन—"

तिनं भिंतीतली केबल खसकन उपटली.

"अगं! माझी चार मशीनं चालू आहेत त्यात!"

"चार? कुठायत?"

"आतच... आभासी. नवं सॉफ्टवेअर आधी त्यांच्यावर चालवून बघायचंय."

"आणि ती थेट माझ्या नेटवर्कला जोडलीस? तुझं एक मशीन माझ्या संगणकांना नेटवर्कचे भलतेच पत्ते वाटत सुटलंय! काउंटर बंद आहेत खाली!"

कणीस हातातच राहिलं. "पोले... खरंच, चुकलो."

एवढे टपोरे डोळे करून कोणी माफी मागतं का? तिला आणखीच राग आला.

केबिनमध्ये मॅनेजर ओगोला साहेब तिच्यावरच घसरले. "तुझं लक्ष कुठं असतं?" ती बोलणार तोच ओडेरा पुढे झाला. "चूक माझी आहे, साहेब." "मग चाचणी बंद! सोमवारी नवं सॉफ्टवेअर थेट काउंटरवर चढवा."

"थेट?" अपियो भडकली. "लोकांची खाती उलटीपालटी झाली तर? उद्या दुपारपर्यंत वेळ द्या, साहेब, चाचणी सुरक्षित करून दाखवते. नाहीतर दोघांनाही काढा."

बाहेर येताच तिनं ओडेराला धरलं. "माझी बाजू घ्यायला कोणी सांगितलं होतं?"

"कोणी नाही."

"मग पुन्हा घेऊ नकोस. बस इथं."

चारही मशीनं तिनं आपसातल्या बंद नेटवर्कमध्ये टाकली. ऑफिसशी संबंधच नाही. मग पाचवं मशीन उभं केलं, दोन नेटवर्क कार्डांचं... एक आत, एक बाहेर. इंटरनेट हवं तर याच्यातूनच जायचं, आणि ऑफिसच्या पत्त्यांना तिथंच मज्जाव.

"आता बघ."

आतल्या मशीनवर वेबसाइट उघडली. ऑफिसचा प्रिंटर मात्र हाका मारूनही सापडेना. ओडेरा आनंदानं वळला... आणि त्याचा खांदा तिच्या खांद्याला लागला. दोघंही हलली नाहीत.

"रागात छान दिसतेस."

"काम कर!"

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मान डोलावली. चाचणी तीन महिने चालणार होती. दुपारी तळ्याकाठच्या टपरीवर तळलेला मासा आणि मक्याच्या पिठाची घट्ट उगाली खाताना ओडेरा हळूच म्हणाला, "मी नैरोबीच्या ऑफिसला कळवलंय. माझ्या जागी दुसरा माणूस येईल. तुला माझा एवढा राग येतो, म्हटलं..."

अपियोचा घास तसाच राहिला. "कोणाला विचारून?"

"अगं, तुझ्याचसाठी—"

"माझा राग माझा आहे! त्याचं काय करायचं ते तू ठरवणार? लाव फोन. आत्ता. माझ्यासमोर!"

त्यानं निमूट फोन लावला. "साहेब, दुसरा माणूस नको... मीच राहतो. कारण? कारण इथं एक मुलगी आहे... फार चिडते, पण मला—"

तिनं फोन हिसकावला. "आणि तो तिला आवडतो! कळलं?" असं ओरडून तिनं फोन बंद केला.

टपरीवर सगळे वळून बघायला लागले. आपण काय बोललो ते तिला तेव्हा कळलं. चेहरा तापला.

"हसलास तर बघ," ती म्हणाली.

ओडेरा हसला.