दोराच्या रेषेत

“आपण पाच असलो तरी मोजताना सहा भरतात, हे तिला इतक्यात सांगू नका. आधी जरा रुळू दे घरात.”

सासूबाई हे म्हणाल्या तेव्हा धाकटी सून चहाचा ट्रे घेऊन दाराबाहेर उभी होती. लग्नाला एकेचाळीस दिवस झाले होते. तेवढ्या दिवसांत तिला एक गोष्ट पक्की कळली होती. या घरात महत्त्वाचं जे काही असेल ते ती खोलीत यायच्या आधी बोलून होतं. ती आली की हवापाण्याच्या गप्पा. तिनं मनात दहापर्यंत आकडे म्हटले, कपबश्या जरा वाजवल्या आणि आत गेली.

“धुकं फार पडलंय नाही आज?” सासूबाई म्हणाल्या.

“हो,” ती म्हणाली. पाचाचे सहा कसे होतात, हे विचारायचं धाडस काही तिला झालं नाही.

घराला लागूनच गॅरेज होतं. डोंगरातला कच्चा रस्ता तिथून सुरू व्हायचा आणि त्या रस्त्याला गाड्या गिळायची खोड होती. फसलेल्या गाड्या ओढून काढणं हा सासरच्यांचा धंदा. सासऱ्यांचा एक जुना फोर बाय फोर ट्रक होता, पुढच्या बंपरवर दोर गुंडाळून ओढणारा विंच बसवलेला. इतरांच्या बैठकीत जिथं फोटो असतात तिथं यांच्याकडे ओढायचे पट्टे, दोर आणि ते हुकाला अडकवायच्या लोखंडी कड्या, म्हणजे शॅकल, मापाप्रमाणे टांगलेले. लग्नाची भेट म्हणून सासऱ्यांनी सुनेला चामड्याचे हातमोजे दिले होते. मोजे उत्तम होते. फक्त माहेरी दाखवताना जरा पंचाईत झाली.

हातमोजे मिळाले म्हणजे कामावर जायचंच होतं. सासूबाईंचे गुडघे आता डोंगर चढू देत नव्हते, आणि एक माणूस कमी पडत होतं.

सासरे एरवी दिवसाला वीस शब्द बोलत, पण दोराचा विषय निघाला की त्यांना कंठ फुटायचा. त्यांनी तिला गॅरेजात उभं केलं आणि दोन खांबांमध्ये दोर बांधून दाखवला.

“हा ताणला ना बाळ, की मग तो दोर नसतो. तुटला तर कुठं येणार? ज्या रेषेत ओढतोय त्याच रेषेत. म्हणून त्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही. दोर जेवढा लांब त्याच्या दीडपट लांब जायचं, तेही बाजूला. आणि ताणलेला दोर ओलांडायचा नाही. घाई कितीही असो.”

“हो, बाबा.”

“दोराच्या मध्यावर ओलं पोतं टाकायचं. तुटलाच तर ते वजन त्याला खाली बसवतं. ते काम तुझं. दोर सैल असतानाच टाकायचं आणि तिथून निघायचं. पट्टा लावायचा तो गाडीच्या चॅसीला, खालच्या सांगाड्याला, बोल्ट केलेल्या हुकाला. मागं ट्रेलर अडकवायचा लोखंडी गोळा असतो ना, त्याला नाही. कधीच नाही. तो गोळा तुटला तर…”

इथं थोरले भाऊजी शॅकल पुसता पुसता उठले आणि बाहेर निघून गेले. सासरे थोडा वेळ रिकाम्या स्टुलाकडे बघत राहिले.

“खुणा एकाच माणसानं करायच्या. त्या थोरला करतो, त्याचा हात वर गेला की ओढायचं. पण ‘थांबा’ हा शब्द कुणाचाही. गाडीवाला असो, तू असो. थांबा म्हटलं की थांबायचं, का ते नंतर विचारायचं.”

तिनं मान डोलावली. एकेचाळीस दिवसांत सासरी तिनं ‘आमटीत मीठ कमी आहे’ एवढंही म्हटलं नव्हतं.

गोळ्याचं काय झालं ते संध्याकाळी नवऱ्यानं सांगितलं, तेही बूट काढता काढता, तिच्याकडे न बघता. चार वर्षांपूर्वी एका गाडीला हूक नव्हता. पाऊस येत होता, घाई होती. गोळ्यालाच पट्टा लावला. वहिनीच्या, दादाच्या बायकोच्या, लक्षात आलं की पोतं टाकायचं राहिलं. ती पोतं छातीशी धरून धावली. तेवढ्यात दादानं हात वर केला होता. गोळा तुटून आला तो थेट तिच्यावर.

“त्यानं बघितलं नाही?”

“एवढंच तो चार वर्षं स्वतःला विचारतोय,” नवरा म्हणाला. “तेव्हापासून हात वर करायच्या आधी माणसं मोजतो. एकेक.”

सहाचं तो काही बोलला नाही.

ते तिनं स्वतःच पाहिलं. पहिल्या खेपेला एक टेम्पो चिखलातून काढायचा होता. तिनं पोतं भिजवून दोरावर टाकलं आणि बाजूला, लांब, एका मोठ्या दगडापाशी जाऊन उभी राहिली. भाऊजी बांधावर चढले आणि मोजायला लागले. ट्रकपाशी बाबा, एक. विंचच्या बटणावर धाकटा, दोन. दगडापाशी ती, तीन. स्टिअरिंगवर टेम्पोवाला, चार. मग स्वतःच्या छातीवर हात ठेवून, पाच. इथं हात वर जायला हवा होता. पण भाऊजी दोराकडे वळले. त्यांचा चेहरा एकदम निवला. जेवायला बसताना घरातल्या माणसाला हाक मारावी तसं ते हळूच म्हणाले, “सहा.”

तिनं त्यांच्या नजरेच्या रेषेत बघितलं. दोराला अगदी लागून, विरळ धुक्यात, एक बाई उभी होती. मान किंचित खाली, दोन्ही हातांनी काहीतरी छातीशी धरलेलं. हात वर गेला. दोर गुणगुणला. टेम्पो चिखलातून सुटला, आणि तिथं कुणी नव्हतं. फक्त ओल्या गोणपाटाचा वास आला. पोतं तर तिच्यापासून तीस पावलांवर होतं.

सासरे आणि नवरा आपापल्या कामात असे गढले होते, की कुणाला काही दिसलं नसावं असंच वाटावं. या घराला तेवढी सवय होती.

त्या संध्याकाळी ती गॅरेजात मोजे ठेवायला गेली, तर ट्रकच्या पलीकडून बोलणं ऐकू आलं. ऐकायचं नव्हतं, पण या घरात काही कळायचं तर दुसरी वाटही नव्हती.

“जवळ जाऊन बघत जा रे एकदा,” सासरे म्हणत होते. “आपलाच नियम आहे. रेषेत कुणी दिसलं की थांबायचं.”

“पहिलं वर्षभर बघितलं की, बाबा. प्रत्येक वेळी. जवळ गेलं की जाते ती.” भाऊजींनी हातातला शॅकल पुन्हा पुसला. “नाही गेलं तर थोडी थांबते. मला तेवढंच तर…”

 ती मोजे तसेच हातात घेऊन परत फिरली. तिला भीती वाटायला हवी होती, आणि वाटतही होती. पण भीतीच्या खाली दुसरंच काहीतरी टोचत होतं. रेषेत माणूस दिसतोय आणि हे लोक ओढतायत, हे.

त्यानंतर आठवड्याभरानं दुपारी फोन आला. फिरत्या दवाखान्याची जीप लाल चिखलाच्या वळणावर रुतली होती. ते पोचले तेव्हा जेमतेम चार वाजले होते, पण धुकं असं दाटलं होतं की ट्रकचे दिवे लावूनही समोर नुसता पिवळा कापूस दिसत होता. सगळे आवाज जवळ आल्यासारखे. कुठंतरी पानांवरून पाणी ठिबकत होतं. डिझेलचा आणि कुजक्या पाल्याचा वास होता.

“सोळा वर्षं गाडी चालवतोय. आज पहिल्यांदा फसलो बघा,” जीपचा ड्रायव्हर म्हणाला.

“आमच्याकडे सगळे पहिल्यांदाच फसलेले येतात,” नवरा म्हणाला. “आणखी कोण आहे गाडीत?”

“कुणी नाही. सिस्टर होत्या, त्या पायवाटेनं वर वस्तीवर गेल्या. बाळंतीण अडलीये म्हणे. एव्हाना पोचल्या असतील.”

ट्रक जीपच्या मागं, कठीण जमिनीवर लावला. सासऱ्यांनी चाकांना दगड लावले, जीपच्या मागच्या हुकावरचा चिखल पुसला, हाताने हलवून बघितला. शॅकल घातला. दोर वीसेक पावलांचा. तिनं पोतं भिजवलं, मध्यावर टाकलं, आणि बाजूला मोजून तीस पावलं जाऊन एका झाडापाशी थांबली. तिथून सगळं सावल्यांसारखं दिसत होतं. नाक पुसायला तिनं उजवा मोजा काढला.

भाऊजी बांधावर चढले.

“एक… दोन… तीन…”

तिच्या उघड्या हातात एक हात आला.

गार, ओला, गोणपाटासारखा खरखरीत. बोटांत बोटं गुंतवून त्यानं हात धरला. तिनं वळून बघितलं. शेजारी कुणी नव्हतं. फक्त पाणी ठिबकण्याचा आवाज आता अगदी कानाशी येत होता. टप्… टप्… आणि तो वास.

“चार… पाच…”

भाऊजी दोराकडे वळले. तिनंही बघितलं. दोराला लागून, जीप आणि ट्रकच्या मधोमध, एक बाई उभी होती. मान किंचित खाली. दोन्ही हातांनी काहीतरी छातीशी धरलेलं.

“सहा,” भाऊजी मायेनं म्हणाले, आणि त्यांचा हात वर गेला.

विंच कण्हला. दोर जमिनीवरून उठला, ताणला, गुणगुणायला लागला. धुक्यातल्या बाईनं दोर ओलांडायला एक पाय उचलला.

पहिल्या खेपेची बाई हलली नव्हती. आणि ती बाई तर इथं, आपल्या शेजारी… तिच्या हातातला हात घट्ट आवळला गेला, हाडं दुखतील इतका.  सासरी, सगळ्यांसमोर, कामाच्या मध्ये, थोरल्या दिरांच्या खुणेवर तोंड उघडायचं. आणि आपलं चुकलं तर? त्यांना एवढंच तर सुख आहे. शब्द तिनं खोकल्यासारखा बाहेर ढकलला.

“थांबा!”

नवऱ्याचा अंगठा बटणावरून उठला. विंच गप्प झाला. धुक्यातली बाई दचकून मागं सरली.

“अहो, मी आहे, मी!” दमलेला, जिवंत आवाज आला. “वरून हाक मारत आले, गाडीच्या आवाजात ऐकू गेलं नाही का तुम्हाला? औषधांची पेटी गाडीतच राहिली. सुया सगळ्या त्यातच आहेत. हातात नुसती कापडं घेऊन गेले होते मी,” आणि छातीशी धरलेलं गाठोडं तिनं दाखवलं.

 सासऱ्यांनी दोर सैल करायला सांगितला, बॅटरी घेतली आणि जीपच्या मागं जाऊन खाली वाकले. बराच वेळ वाकलेलेच राहिले. उठले तेव्हा त्यांचा आवाज बदलला होता.

“हुकाच्या बोल्टला चीर आहे. चिखलाखाली होती, मला दिसली नाही. बोल्ट अर्धा बाहेर आलाय.” त्यांनी नर्सकडे बघितलं, मग दोराकडे. “आणखी चार बोटं ओढलं असतं तर…”

ड्रायव्हर जीपच्या पायरीवर बसला. नर्स मात्र पेटी मागत होती. वर बाळंतीण खोळंबली होती, तिला घाबरायला वेळ नव्हता. नवऱ्यानं लांबून वळसा घालून तिला पेटी आणून दिली. जाताना ती झाडाच्या दिशेनं ओरडून म्हणाली, “थांबा म्हणाल्या त्या बाई कोण? वाचवलंत हो मला!” आणि पायवाटेनं धुक्यात नाहीशी झाली.

“आमची सूनबाई,” सासरे म्हणाले. 

“अगं, ये की इकडं,” नवरा हसायचा प्रयत्न करत म्हणाला. “एवढा आवाज आहे होय तुला? घरी कुठं लपवून ठेवला होतास?”

ती जागची हलली नाही.

बांधावर भाऊजी अजून तसेच उभे होते. त्यांचा वर केलेला हात खाली यायला फार वेळ लागला. ते दोराकडे बघत होते. मध्यावर पोतं लोंबत होतं, बाकी तिथं काही नव्हतं.

“मी सहा मोजले,” ते स्वतःशी बोलल्यासारखं म्हणाले. “चार वर्षांत कधी चुकलो नाही. पण ती तर… ही बाई होती.” मग त्यांचा आवाज लहान झाला. “बाबा, मग आपली ती आज आली नाही का?”

“दादा, गाडीत बस,” नवरा घाईनं म्हणाला, आणि बायकोकडे चोरून बघितलं. तिच्यासमोर सहाव्या माणसाचा विषय कधी निघाला नव्हता. “घरी जाऊन बोलू.”

“कुठं गेली ती?” भाऊजी म्हणाले.

धुक्यात पाणी ठिबकत होतं. सगळे तिच्याकडे पाठ करून आपसात बोलत होते, घरात ती खोलीत यायच्या आधी बोलत तसेच. तिनं हळूच हात सोडवायला बघितलं, मग दुसऱ्यांदा. मग तिसऱ्यांदा, जोर लावून. बोटं आणखी घट्ट रुतली, आणि ती झाडापासून एक पाऊल दोराच्या दिशेनं ओढली गेली.

“इथं आहेत त्या,” ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. “मघापासून माझा हात धरलाय. भाऊजी, तुमचं ऐकतील त्या… सोड म्हणून सांगा ना त्यांना.”