कॉलरचं बटण

“सामान भरून झालंय, बाबा. चला आता घरी,” असं म्हणत तिनं सुटकेसच्या झाकणावर गुडघा टेकवला, आणि कॉटच्या कडेला बसलेले वडील इतके निवांत खिडकीबाहेर बघत राहिले, की जणू ती दुसऱ्याच कुणाचे स्वेटर भरत होती...

आई गेली आणि पाठोपाठ वडिलांचे हात थरथरायला लागले. तेव्हापासून या लेकीनं त्यांची दाढी केली, घास भरवले, सदऱ्याचं प्रत्येक बटण लावलं. त्या सेवेत तिचं तारुण्य कधी विरघळून गेलं ते तिचं तिलाही कळलं नाही; आणि खरं सांगायचं तर तिनं ते शोधायलाही घेतलं नाही. गावातल्या काचकारखान्यात काचेवर नक्षी कोरणं हे तिचं काम. दूरच्या शहरातल्या मोठ्या कारखान्यानं कोरीवकामाची प्रमुख म्हणून बोलावलं, तेव्हा घरी चकार शब्द न काढता तिनं नकार कळवून टाकला होता. आणि एवढं सगळं करून गेल्या महिन्यात वडिलांनी काय म्हणावं?

“तुझ्या हाताखाली मला गुदमरतं.”

बस्स. आठवडाभरात स्वारी माजी सैनिकांच्या या जुन्या निवासात दाखल. ते एक वाक्य मात्र तिच्या काळजात काचेच्या कुसळासारखं रुतून बसलं होतं...

वास्तू दोनशे वर्षांची. लाकडी पायाच्या माणसालाही चढता यावं म्हणून जिन्याच्या पायऱ्या बुटक्या, आणि दोन कुबड्यांवाले एकमेकांना न घासता जातील इतका व्हरांडा रुंद. सगळं कसं जीव लावून बांधलेलं. याचाच तिला जास्त राग येत होता.

खाली घंटा झाली. वडील उठले, खुंटीवरचा निळा कोट अंगात चढवला, पोटावरची मोठी बटणं कशीबशी ओढून लावली आणि दाराकडे निघाले. तिचे हात सवयीनं त्यांच्या गळ्याशी गेले.

“ते राहू दे, कप्तान.” लहानपणापासून ते तिला असंच म्हणत, घरात हुकूम तिचाच चालायचा. “कॉलरचं बटण इथं घरच्यांकडून लावून घेत नाहीत.”

ती चरफडत मागोमाग गेली. व्हरांड्यात म्हातारे समोरासमोर दोन रांगांत उभे होते. लढाईत हात गमावलेले सैनिक इथं यायचे तेव्हापासूनची ही रीत होती. हजेरीआधी कॉलरचं बटण आपलं आपण लावायचं नाही, समोरच्यानं लावायचं. वडिलांच्या समोर होता तोफखान्यातला एक धिप्पाड गोलंदाज. एक हात लुळा, तोफांच्या आवाजानं कान गेलेले. सगळे त्याला ‘तोफ’च म्हणत. वडिलांची थरथरती बोटं त्याच्या कॉलरशी झटापट करत होती. बटण निसटायचं, ते पुन्हा धरायचे, पुन्हा निसटायचं... तिचा जीव कासावीस झाला. ती पुढे सरसावली.

“मध्ये पडू नका, ताई,” तोफ गरजला. “घाई कुणाला आहे? आमच्यावाचून हजेरी होते कुठे?”

शेवटी बटण बसलं. वडिलांनी कॉलरवर हलकेच थाप मारली आणि मान वर केली. तो चेहरा तिनं कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. हा तर तिच्या लहानपणीचा बाप... ताठ, थोडासा आढ्यतेखोर.

मग तोफ त्यांच्या कानाशी वाकला आणि, आपण कुजबुजतोय अशा गोड समजुतीत, अख्ख्या व्हरांड्याला ऐकू जाईल असं म्हणाला, “हीच ना रे तुझी कप्तान? कारखान्याचं सांगितलंस का तिला? का अजून ते गुदमरण्याचं नाटकच चालू आहे?”

रांगेत कुणीतरी उगाच खोकलं.

“कसलं नाटक, बाबा?”

“तुमच्या इथल्या कारखान्यातला भट्टीवाला आला होता घरी,” वडील जमिनीकडे बघत म्हणाले. “बाईंनी नकार दिला, पण ती जागा अजून रिकामी आहे म्हणाला. मी घरात असेतो तू हलणार नव्हतीस. गोड बोलून सांगितलं असतं तर ऐकलं असतंस?”

“मला निदान विचारायचं तरी...”

“नकार कळवताना तू मला विचारलं होतंस?”

तिच्या डोळ्यांतलं पाणी आता कुणाचंच ऐकेना.

“म्हणजे गुदमरणं सगळं खोटं?”

“बरंचसं,” ते म्हणाले, आणि तोफेकडे बोट दाखवलं. “मला तुझे हात लागतात, कप्तान, कबूल. पण याला माझे लागतात गं.”

ती वर गेली, सगळे स्वेटर पुन्हा कपाटात लावले, आणि जरा नीटच लावले, कारण आधी वडिलांनी ते नुसते कोंबले होते.

फाटकाशी वडील म्हणाले, “कॉलर उघडी आहे तुझी. वारा आहे बाहेर.”

“घरच्यांचं चालत नाही ना इथं?”

“हुद्देदारांना सूट आहे.”

ती त्यांच्यासमोर उभी राहिली. मदतीला धावणारे आपले हात तिनं पाठीमागे घट्ट बांधून ठेवले. बोटं चाचपडली, निसटली, पुन्हा आली... हनुवटीखाली त्या बोटांची ऊब अनुभवत ती हललीसुद्धा नाही. घाई कुणाला होती?

संध्याकाळी गावातल्या कारखान्यात भट्टीवाला तिच्याकडे बघतच राहिला. काचेवरची केसाएवढी चूक पकडणारी ही बाई, आणि तिची कॉलर एका बाजूला वर चढलेली.

“बाई, बटण चुकीच्या काजात गेलंय.”

“असू दे,” ती म्हणाली. “माझ्या वडिलांनी लावलंय. आणि त्या शहरात कळवा, मी येतेय.”