झाकलेला केवडा

चित्रातला केवडा नाहीसा झाला होता.

परभणीत खासगी तपासाची कामं घेणाऱ्या त्रिवेणीबाई चित्राला नाक लावून उभ्या होत्या. मागे त्यांचे मदतनीस दत्तराव आणि दाराशी चित्रकार धनश्री.

"जुन्या डच चित्रकारांच्या पद्धतीचं आहे," धनश्री म्हणाली. "पार्श्वभूमी गडद आणि एकाच गुच्छात सगळ्या ऋतूंची फुलं. केवडा श्रावणात रंगवला, शेवंती थंडीत, पळस आत्ता. उद्या पुण्याच्या प्रदर्शनाला पाठवायचंय."

पितळी तांब्यातून फुलं उसळली होती. मधोमध काळा डाग. शेजारच्या एकाही पाकळीला धक्का नव्हता.

"संशय कुणावर?"

"सुकेशनीवर. आम्ही दोघी आमच्या घरच्या याच खोलीत काम करतो. तिचं चित्र निवडलं गेलं नाही आणि काल दुपारी ती इथं एकटीच होती. सकाळी फोनवर मी तिला नको ते बोलले."

त्रिवेणीबाईंनी डागाच्या कडेला बोट टेकवलं, हुंगलं, रुमालाला पुसलं. तेलकट काळा ठिपका उमटला.

"ओलाच आहे," दत्तराव म्हणाले. "म्हणजे कालचाच रंग."

सुकेशनी शाळेत चित्रकला शिकवायची. त्रिवेणीबाईंनी बोलावल्यावर ती आली, पण आत बसली नाही.

"निवड झाली नाही याचं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण तो केवडा मीच बोरीहून आणून दिला होता. आणि मला झाकायचाच असता, तर मागचा तपकिरी रंग वापरला असता. हिला पत्तासुद्धा लागला नसता."

खोलीची किल्ली खिडकीत ठेवून ती निघून गेली.

"हिला सगळी युक्ती ठाऊक आहे, बाई," दत्तराव कुजबुजले.

धनश्रीचे सासरे शिवरुद्र दुकानातून जेवायला आले होते. "आमाला काय कळतं त्यातलं? लय भारी हाय म्हणतेत. पण फुलांत मक्याचं कणीस कशाला घातलं होतं, एवढं समजलं न्हाई."

सासूबाई महानंदा देवघरात होत्या. पिंडीवर बेल, शेजारी चित्रातलाच पितळी तांब्या. मांडीवर नात, तिच्या गालावर ताजी तीट.

"काजळ घरचं का?" त्रिवेणीबाईंनी विचारलं.

"एरंडेलाच्या दिव्यावर धरते म्या. बाजारचं पोरीच्या डोळ्याला चांगलं न्हाई."

"काल सुनेच्या खोलीत गेला होता?"

"म्या कशाला जाऊ?"

त्रिवेणीबाईंनी सगळ्यांना चित्रासमोर बोलावलं.

"सुकेशनी म्हणाली ते खरं आहे. चित्रकाराच्या हाताशी रंग असतात. हा रंगच नाही, एरंडेलातलं काजळ आहे."

"मग घरचंच माणूस," दत्तराव म्हणाले. "शिवरुद्रअप्पा?"

"त्यांना ते कणीस वाटलं होतं. कणीस झाकायला कोण जाईल? आता तांब्या बघा. तो अभिषेकाचा आहे. महादेवाला केवडा वाहत नाहीत, दत्तराव. चित्राचा राग असता तर सगळीकडे काळं फासलं असतं. इथं फक्त केवडा झाकला, तोही जपून."

महानंदांनी पदर सावरला.

"सून पहिल्यांदा एवढ्या मोठ्या ठिकाणी चालली. देवाच्या तांब्यात ते फूल बघून माझा जीव थाऱ्यावर राहीना. तिला कायी बाधू नये म्हणून तेवढंच झाकलं."

"मला सांगायचं ना, आई."

"कसं सांगू? वरीसभर राबलीस त्याच्यापायी."

त्रिवेणीबाईंनी कापसाने हलकेच पुसलं. श्रावणातला रंग केव्हाच वाळला होता. त्याच्यावरून काजळ निघत गेलं आणि पिवळी पात वर आली.

धनश्रीचं तिकडे लक्ष नव्हतं. ती सुकेशनीला फोन लावत होती. पलीकडून कुणी उचलत नव्हतं.

"घर कुठं हाय तिचं?" महानंदांनी विचारलं. "इतकी वर्सं ती आपल्यात जेवती. म्या तिच्या दारात एकदाबी गेले न्हाई. चल, मी सांगते तिला."

"आधी मी बोलेन, आई. फोनवर नको ते मीच बोलले."

"बरं, तू बोल." महानंदांनी नातीला शिवरुद्रांकडे दिलं आणि चपला पायात सरकवल्या. "घरात घेतलं न्हाई, तर दारातच बसू दोघी."