लिंडहोल्मचं बर्फघर

आयर्लंडमध्ये किलकेनीहून वॉटरफोर्डला जाताना डावीकडे लिंडहोल्म हाऊस लागतं. लोण्याच्या धंद्यात गब्बर झालेल्या एका डॅनिश माणसानं दोनशे वर्षांपूर्वी बांधलेलं. बीच वृक्षांची लांबच लांब रांग, तळं, आणि काठाला जमिनीत अर्धं पुरलेलं विटांचं बर्फघर. तळ्यातला बर्फ कापून त्यात साठवायचे. यंदा मराठी मंडळाची सहल तिथे होती.

शैलेंद्रनं वीस वर्षांत अख्ख्या मंडळाला गंडवलं होतं. सुटला होता फक्त विक्रांत, आणि तो पुढच्या आठवड्यात कायमचा नागपूरला निघाला होता.

"आज तरी नको, शैलू," बायको म्हणाली. सुचित्राला त्याचा चेहराच कळायचा.

आज विकेट काढायचीच होती. जेवणं झाल्यावर तो बर्फघरात शिरला. आत खोल खड्डा, त्यावर लोखंडी जाळी. ओल्या विटांचा वास. विक्रांत तळ्याकडे येताना दिसला, तशी यानं आवाज बारीक करून हाक मारली.

"विक्रांतऽऽ"

"ओ."

जाळीखालून.

अनोळखी हाकेला ओ देऊ नये, हे लहानपणी सगळ्यांनाच बजावलेलं असतं. हाक मारणाऱ्यानं काय करायचं, ते कुणी सांगितलेलं नव्हतं.

तो बाहेर आला. विक्रांत पाण्यात खडे टाकत होता.

"विक्रांत."

ढिम्म. खांद्यावर हात ठेवला तेव्हा वळला. "काय रे शैल्या, दचकवतोस किती."

"हाका मारतोय मघापासून."

"कुणाला?"

"विक्रांतला."

त्यानं मागे वळून बघितलं. "तो कोण?"

"ग्रँड. ॲक्टिंग जमतेय तुला."

तेवढ्यात विक्रांतची बायको रेवती चहा घेऊन आली. "विक्रांत, कुठेयस?"

विक्रांत तिच्यासमोर उभा होता. ओ बर्फघरातून आली. त्याला ओलांडून रेवती सरळ तिकडे निघाली.

"थांब, मी बघतो," शैलेंद्र म्हणाला. मस्करी त्यानं सुरू केली होती, निस्तरणारही तोच.

आत जाऊन तो जाळीवर पालथा पडला.

"ते नाव त्याचं आहे. परत दे."

चेहऱ्यावर गार हवा.

"मग माझं घे. शैलेंद्र."

"ओ."

बाहेर रेवती म्हणत होती, "विक्रांत, चहा गार होतोय."

"आलो गं."

शैलेंद्रला हायसं वाटलं. कपडे झटकत तो वर आला. सुचित्रा थर्मास घेऊन उभी होती. तिनं कप भरला, त्याच्याकडे बघून ओळख नसताना हसतात तसं हसली.

"मंडळात नवीन दिसताय. साखर किती घालू?"