चौथं सांगायचं राहिलं

ही गोष्ट खरी आहे.

ज्यांना पटणार नाही त्यांनी खुशाल हसावं. मीही आधी हसलो होतो. पण ज्योत्स्ना माझी सख्खी मावसबहीण. थापा मारणं तिला लहानपणापासून जमलं नाही. कुणी भुताखेताचा विषय काढला की तीच त्याची फिरकी घ्यायची.

आता घेत नाही.

रात्र नव्हती. अमावस्याही नव्हती. गेल्या वर्षीचा मार्च, मंगळवार, दुपारचे अडीच. बीदर जिल्ह्यात दुबलगुंडीच्या पुढचं एक लहान गाव. नाव सांगणार नाही, त्या घरची माणसं अजून आहेत.

ज्योत्स्ना भालकीला राहते, एका संस्थेत नोकरी करते. गावोगाव जायचं, म्हाताऱ्या माणसांजवळ बसायचं. झोप लागते का, उदास वाटतं का, हे विचारून फॉर्म भरायचा. मग त्यांच्या आयुष्याची हकिकत मोबाईलवर रेकॉर्ड करायची.

आठवण तपासायची एक ठरलेली रीत होती. सुरुवातीला तीन शब्द सांगायचे. लिंबू, किल्ली, फुगा. 'हे तीन ध्यानात ठेवा.' मग दुसरं बोलत राहायचं आणि शेवटी विचारायचं, कोणते होते?

तिला मुलगी आहे, प्रतीक्षा. तेव्हा सात वर्षांची होती. नवरा बीदरला कामाला. शाळा सुटल्यावर आई येईपर्यंत पोर तासभर घरात एकटी असायची. म्हणून रोज सकाळी वेणी घालताना ज्योत्स्ना तिला तीन गोष्टी बजावायची. दार उघडायचं नाही. गॅसला हात लावायचा नाही. गच्चीवर जायचं नाही. पोर घडाघडा म्हणून दाखवायची.

तर त्या मंगळवारी ती बाणूबाईंच्या घरी गेली.

बाणूबाई शहात्तर वर्षांची. घरात एकटी. मुलगा योगीराज हैदराबादला. त्यानंच संस्थेत फोन केला होता. "आई एकटीच बोलत असते म्हणतात. तपासून सांगा. डोक्यात काही असलं तर मी घराला कुलूप लावून तिला इकडं आणतो."

घर स्वच्छ होतं. खाली शहाबादी फरशी. ज्योत्स्नानं प्लास्टिकची खुर्ची दारातल्या उजेडात ओढली.

"तिथं नगं बसू माय," आजी म्हणाली. "हिकडं सरक."

"असू द्या आज्जी, इथं लिहायला बरं पडतंय."

आणि ती तिथंच बसली.

तीन शब्द सांगून झाले. गप्पा सुरू झाल्या. लग्न, सासर, मेंढरं. आजीचं डोकं अगदी ठिकाणावर होतं. तारीख, वार, सगळं बरोबर. ज्योत्स्नाला बरं वाटलं. फक्त एक गोष्ट तिला खटकत होती.

प्रत्येक उत्तराआधी आजी थांबायची. मान तिरकी करायची. आणि ज्योत्स्नाच्या खुर्चीखाली बघायची...

मग वास आला.

कुबट वास. ओलसर, जुन्या ज्वारीचा. घरात पोतं नाही, कणगी नाही. मार्चच्या रखरखीत दुपारी ओल कुठली?

मग... टक्.

फरशीच्या खालून.

टक्. टक्.

घूस असेल, असं ज्योत्स्नानं मनाशी म्हटलं. पाय मात्र तिनं उचलून खुर्चीच्या दांडीवर ठेवले.

"आज्जी, मघाचे शब्द सांगा बरं."

"लिंबू," आजी म्हणाली. "किल्ली. फुगा."

थांबली. मान तिरकी केली.

"...आन् पेव."

"पेव मी नाही सांगितलं, आज्जी. तीनच होते."

"व्हय. तीन तू सांगितलीस. चौथं तिनं सांगितलं."

"कुणी?"

"महादेवीनं. माझ्या थोरलीनं."

फॉर्मवर एकच मुलगा लिहिलेला होता.

"भात्तरचा दुस्काळ," आजी सांगू लागली. "मालक मेंढरं घेऊन लांब गेलते. मी खडी फोडायला जायची. महादेवी सा वर्साची. तिला घरी ठिवायची. जाताना तीन गोष्टी सांगायची. दार लावून घे. चूल पेटवू नगं. हिरीवर जाऊ नगं. ती म्हणून दावायची मला."

ज्योत्स्नाचा पेन थांबला.

"त्या दिशी सकाळी मी पेव उघडलं. तळाला शेर-दोन शेर ज्वारी ऱ्हायली असंल म्हणून. वारं लागू दे, आल्यावर उतरू म्हणलं. तोंड उघडंच ठिवलं. आन् गेले."

पेव म्हणजे जमिनीत खणलेली धान्याची खोल कोठी. फार दिवस बंद राहिली की आतली हवा विषारी होते. उघडल्या उघडल्या जो उतरतो, तो तळाशीच राहतो. जुन्या माणसांना हे पक्कं माहीत असतं. सहा वर्षांच्या पोरीला कुठून माहीत असणार?

"लेकरू भुकेलं व्हतं. ज्वारी येचायला उतरलं." आजीनं खुर्चीकडं बोट केलं. "तू बसलीस तिथं. पुढं मालकानं मुरूम टाकून बुजवलं, वर फरशी घातली. तीन सांगितलं माय. चौथं सांगायचं ऱ्हायलं. आता कुणी कुणाला काही ध्यानात ठिवायला सांगितलं की ती पाठोपाठ म्हणती. आन् माझं ऱ्हायलेलं आपल्या तोंडानं सांगती."

ज्योत्स्ना उठली. खुर्ची मागं सरकली. फरशी पोकळ वाजली.

फॉर्मवर एक प्रश्न उरला होता. 'इतरांना ऐकू न येणारे आवाज ऐकू येतात का?' हो किंवा नाही.

आजीला वाचता येत नव्हतं, पण ती काय ते समजली.

"ते लिवू नगं. लिवलंस तर योगी मला घिऊन जाईल. एकदा लेकराला एकलं टाकून गेले. दुसऱ्यांदा न्हाई जायची."

"बघते आज्जी," ज्योत्स्ना म्हणाली. आणि ती निघाली.

बसमध्ये तिनं इअरफोन लावून रेकॉर्डिंग ऐकलं. तिचा स्वतःचा आवाज. लिंबू, किल्ली, फुगा. हे तीन ध्यानात ठेवा.

मग थोडी खरखर.

मग... रांजणाच्या तळातून यावा तसा, बारीक आवाज.

"लिंबू... किल्ली... फुगा..."

शांतता.

"...आन् पेव."

तिनं तीनदा ऐकलं. तिन्ही वेळा तेच.

त्या संध्याकाळी ज्योत्स्नानं फॉर्म पुरा केला. 'हो'वर खूण केली.

का केली, हे मी तिला विचारलं होतं. ती म्हणाली, "घाबरले रे दादा. मला ऐकू आलं म्हणून लिहिलं असतं तर साहेबांनी मलाच तपासायला बसवलं असतं. पण खरं सांगू? तो आवाज मलाही आला होता. म्हणजे इतरांना ऐकू न येणारा तो नव्हताच. उत्तर 'नाही' होतं. मी खोटं लिहिलं."

रविवारी योगीराज गाडी घेऊन आला. शेजारणीनं नंतर ज्योत्स्नाला सांगितलं की म्हातारी निघताना फरशीवर आडवी झाली. गाल टेकवून किती तरी वेळ काही पुटपुटत होती. मग मुलानं उठवलं आणि दाराला कुलूप घातलं.

दहा दिवस काही झालं नाही.

मग ज्योत्स्नाला कलबुर्गीकडच्या एका गावात पाठवलं. सगळं कन्नड. नागप्पा म्हणून ऐंशीचे गृहस्थ. तिनं तीन शब्द कन्नडमध्ये सांगितले. शेवटी विचारले. नागप्पांनी तीन बरोबर सांगितले.

आणि चौथा...

पेवाला कन्नडमध्ये जे म्हणतात, तो शब्द.

ती नकळत मराठीतच बोलली. "अप्पा, मी तीनच सांगितले."

नागप्पा मोडक्या मराठीत म्हणाले, "तीन तुमी सांगितलात, अक्का. एक खालून आलं."

खाली म्हणजे तिच्या खुर्चीखाली. साधी मातीची जमीन होती तिथं.

त्यानंतर तिनं शब्द बदलून पाहिले, गावं बदलून पाहिली. कधी काही व्हायचं नाही, कधी कुणी म्हातारं माणूस मान तिरकी करायचं. शेवटी तिनं साहेबांना सांगून ऑफिसातलं काम मागून घेतलं. सुटले, असं तिला वाटलं.

जूनमधली सकाळ. शाळा सुरू झाली होती. ज्योत्स्ना पोरीची वेणी घालत होती.

"काय काय सांगितलंय?"

"दार उघडायचं नाही. गॅसला हात लावायचा नाही. गच्चीवर जायचं नाही."

ज्योत्स्नानं रिबिनीची गाठ मारली.

प्रतीक्षानं मान तिरकी केली...

"आणि संपाजवळ जायचं नाही."

संप म्हणजे अंगणातली जमिनीखालची पाण्याची टाकी. ज्योत्स्ना तशीच धावली. लोखंडी झाकण बाजूला पडलेलं होतं. पहाटे नळाला पाणी आलं तेव्हा तिनंच उघडलं होतं. वास जाऊ दे, थोडं वारं लागू दे म्हणून तसंच ठेवलं होतं. आणि विसरली होती. आत पुरुषभर पाणी होतं.

तिनं झाकण ओढून घट्ट लावलं. पोर मागं येऊन उभी राहिली.

"तुला कुणी सांगितलं संपाचं?"

"ती खालची. रोज तुझ्यापाठोपाठ म्हणते." पोरीनं वेणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "ती म्हणाली, आया चौथं सांगायला विसरतात."

ज्योत्स्ना तिथंच, ओल्या अंगणात बसून रडली. भीतीनं नव्हे. जिच्या आईला आपण एका खुणेसरशी घरातून काढलं, तिनंच आपलं लेकरू वाचवलं, याची तिला लाज वाटली. हे शब्द ज्योत्स्नाचेच आहेत.

त्याच दिवशी तिनं योगीराजला फोन लावला. आपण चुकीचं लिहिलं होतं, आईला परत आणा, असं स्पष्ट सांगितलं.

"कशाला?" तो म्हणाला. "आता बरी आहे ती. एकटी बोलत नाही." थोडा थांबला. "कुणाशीच बोलत नाही."

आजही ते घर बंद आहे. ज्योत्स्ना दर महिन्याला त्याला फोन करते. आता तो उचलत नाही.

आता शाळा सुटल्यावर प्रतीक्षा शेजारच्या गौरम्मांकडं बसते. तरी सकाळच्या तीन गोष्टी चुकत नाहीत. आणि चौथी येते. कधी उघडी राहिलेली खिडकी, कधी सोललेली वायर. दरवेळी खरंच विसरलेली. खालच्या त्या पोरीला आता कुणी घाबरत नाही.

ज्योत्स्नाची झोप उडाली आहे ती वेगळ्याच गोष्टीनं.

परवा चौथं सांगून झालं. दप्तर पाठीला लावून प्रतीक्षा उंबऱ्यात थांबली. मान तिरकी केली. नीट ऐकून घेतलं. मग आईकडं बघून म्हणाली...

"ती विचारती, तिची आई कवा यायलीय?"

प्रतीक्षाच काय, आमच्या घरात कुणीच 'कवा यायलीय' असं बोलत नाही.