बिनतारांचा तंबोरा

गावात मला थापाड्या म्हणतात. म्हणू देत.

पण ही गोष्ट माझी नाही, म्हणूनच ती खरी आहे. अंजनाआत्यानं सांगितलेली. आत्या उभ्या जन्मात एकदाच खोटं बोलली, आणि ते खोटंही याच गोष्टीत आहे.

साल सेहेचाळीस. डिसेंबरातला रविवार. रात्र नव्हती, अमावास्या नव्हती. भर दुपारचे साडेबारा, आणि जागा मिरजेतली, सतारी-तंबोरे करणाऱ्यांची आळी.

आत्या तेव्हा तेरा वर्षांची. तिचा भाऊ गुंडा पंधराचा. बाप लढाईवर गेला तो परतलाच नाही, आई तापानं गेली. पोरं ताकारीजवळच्या गावात चुलत्याकडे वाढत होती. चुलता म्हणजे आकाराम मास्तर. पोरं त्यांना तात्या म्हणायची. बिनलग्नाचा माणूस, बोलणं मोजकं. वर्गात तेवढं तोंड उघडायचं.

त्या आठवड्यात मामाचं पत्र आलं. मामा लालासाहेब, बेळगावला पलटणीत. अंजनानं ते पत्र गुपचूप वाचलं.

'रविवारी चारच्या गाडीला मिरज ठेसनात येतो. पोरांना इकडच्या शाळेत घालीन. पण तुमच्यापाशी राहायचं म्हणाली, तर नेणार नाही. पोरांच्या तोंडून ऐकेन.'

तात्यांनी पत्र खिशात घातलं. "राहा" असं काही त्यांच्या तोंडून निघालं नाही. म्हणाले, "शनवार-रविवार सांगली-मिरजेचे अजबखाने दाखवतो. चला."

गुंडाचं तोंड वाकडं झालं. त्याला टॉकीज बघायची होती.

शनिवारी सांगलीत एका इनामदाराच्या दिवाणखान्यात पेंढा भरलेली जनावरं पाहिली. मग एका वकिलाच्या माडीवर गंजक्या तलवारी.

"आवं तात्या, मेलेला वाघ बघायला एवढ्या लांब?" गुंडा म्हणाला. "जित्ता दावला असता तर गोष्ट निराळी."

"जित्ता असता तर तू धर्मशाळेतच बसला असतास," तात्या म्हणाले.

अंजना हसली. तात्यांनी लगेच तिच्याकडे पाहिलं. पोरगी हसली याचा त्यांना झालेला आनंद बघून तिलाच कसंसं झालं.

पहाटे धर्मशाळेत तिला जाग आली. तात्यांची घोंगडी दोघांच्या अंगावर होती, आणि तात्या भिंतीला टेकून, हात काखेत घालून, थंडीत जागेच बसले होते.

गुंडाही जागा होता. कानाशी येऊन म्हणाला, "राहूया का गं?"

अंजनानं होकाराची मान हलवली. ठरलं. ठेसनात मामाला सांगायचं.

पण त्याआधी शेवटचा अजबखाना राहिला होता.

इलाहीभाई म्हणून एक कारागीर होता. दुकानामागच्या खोलीत त्यानं बाप-आज्याच्या हातची न विकलेली वाद्यं टांगून ठेवली होती. खोली थंड होती. लाकडाचा, लाखेचा वास.

"बोला की कायतरी," इलाहीभाई पोरांना म्हणाला.

"काय बोलू?" गुंडा म्हणाला.

भिंतीवरच्या सतारी बारीक गुणगुणल्या...

पोरं दचकली. इलाहीभाई हसला. "भ्यायचं न्हाई. माणसाचा आवाज लागला की तारा जाग्या हुत्यात. त्यात काय जादू न्हाई."

मग काय. गुंडानं बैलं हाकायची हाळी दिली, अंजनानं पाढा म्हटला, तात्यांनीसुद्धा घसा साफ करून एक आर्या म्हटली. दरवेळी भिंत गुणगुणायची. दोन दिवसांत पहिल्यांदा तिघं एकत्र हसली.

हसणं थांबलं. सतारीही गप्प झाल्या.

आणि मग...

कोपऱ्यातून गुणगुण आली. खालच्या पट्टीतली. कुणीतरी तोंड मिटून काहीतरी विचारावं तशी.

कोपऱ्यात एक मोठा तंबोरा उभा होता. अंजनानं निरखून पाहिलं.

त्याला एकही तार नव्हती.

इलाहीभाईचं हसू गेलं. "आज्याच्या हातचा हाय," तो हळू म्हणाला. "पलेगच्या साली एका गिऱ्हाइकानं करायला टाकला. एकटा माणूस. तारा चढवायच्या आदल्या दिवशी बघून गेला. जाताना म्हणला, येतो."

"आला न्हाई?" गुंडानं विचारलं.

"पलेगात कोण येतंय, बाबा?"

मग तो तात्यांकडे वळला. "मास्तर, एक ऐका. ह्या खोलीतनं निघताना येतो म्हणायचं न्हाई. जातो म्हणायचं. आमच्या घरची पोरंबाळंबी तसंच म्हणत्यात. येतो म्हटलं की ह्याला खरं वाटतंय."

तुम्हीच सांगा. आपल्यात कुणाच्या उंबऱ्यातून निघताना जातो म्हणवतं का? जीभच वळत नाही.

गुंडाची वळली. "जातो," तो ठसक्यात म्हणाला. अंजना पुटपुटली, "जाते."

तात्या उंबऱ्यात थांबले. इलाहीभाईला हात जोडले. चाळीस वर्षांची सवय.

"बरंय. येतो," म्हणाले.

मागे गुणगुण झाली नाही. काहीच झालं नाही...

इलाहीभाईनं मात्र डोळे मिटून घेतले.

ठेसनाकडे चालताना अंजनाला पहिल्यांदा जाणवलं. टांगे होते, विकणारे होते, आवाजांची नुसती जत्रा. आणि त्या सगळ्याच्या खाली... तीच खालची पट्टी. ती थांबली की आवाज थांबे. गुंडाजवळ गेली तरी ऐकू येत नसे. तात्यांच्या जवळ गेली की पुन्हा ऐकू येई.

तात्यांच्या डाव्या बाजूला. जिथं कुणीच नव्हतं.

फलाटावर मामा उभा होता. पोरांच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "बोला, गड्यानू. तात्यापाशी राहायचं, का माझ्यासंगं यायचं?"

गुंडानं अंजनाकडे पाहिलं. तू बोल, अशा नजरेनं.

तात्या दुसरीकडे बघत होते. हातातली टोपी पिळत होते.

अंजनानं तोंड उघडलं... आणि तात्यांच्या डाव्या खांद्याशी गुणगुण झाली. अगदी जवळ. तिच्या उत्तराची तिच्याइतकीच कुणीतरी वाट बघत असावं तशी.

"मामाकडं," ती म्हणाली. "आमाला न्हाई राहायचं हितं."

हे ते खोटं.

तात्यांनी मान डोलावली. टोपी डोक्यावर ठेवली. "शाळा चांगली आहे तिकडची," एवढंच म्हणाले.

बेळगावात पोरांना काही कमी नव्हतं. पण अंजनाला झोप लागेना. म्हाताऱ्या माणसाला आपण नको त्याच्या तावडीत एकटं सोडून आलो, हे तिच्या मनातून जाईना. मे महिन्यात तिनं गुंडाला सगळं सांगितलं. तो थट्टा करील असं तिला वाटलं होतं. त्यानं केली नाही.

"मलाबी ऐकू आलं हुतं," तो म्हणाला.

सुट्टी लागताच दोघं बोचकी घेऊन ताकारीला उतरली. आता कायमचं राहायचं, तात्यांना सांभाळायचं, असं ठरवून.

तात्या दारात आले. अंगानं सुधारले होते. धोतर स्वच्छ, दाढी केलेली. चेहरा समाधानी. पण दारातून बाजूला झाले नाहीत.

"तात्या, आमी ऱ्हायला आलो," अंजना म्हणाली. "कायमचं."

तात्यांचे डोळे भरून आले. त्यांनी हात पुढे केला, तिच्या केसांवरून फिरवला.

मग आतून गुणगुण आली...

तात्यांनी मागे मान वळवली. अगदी सहज, घरच्या माणसाला सांगावं तसं म्हणाले, "थांब जरा. सांगतो, सांगतो."

त्यांच्या हाताखालून अंजनाला आतलं दिसलं. भिंतीशी, तात्यांच्या उशीला टेकून, तो तंबोरा बसवला होता. अजूनही एकही तार नव्हती.

"पोरांनो," तात्या म्हणाले, "इथं जागा नाही."

"आवं, आमी व्हरांड्यात झोपू," गुंडा म्हणाला.

"नाही रं." त्यांनी दार ओढून घेतलं. "पुन्हा येऊ नका. येणार असंही म्हणू नका."

उंबऱ्याबाहेरच त्यांनी पोरांना पाणी दिलं. गूळ-शेंगा दिल्या. आणि स्वतः ठेसनापर्यंत पोचवायला आले. वाटेत कुणी बोललं नाही. म्हणजे त्या तिघांपैकी कुणी नाही.

मी आत्याला कितीदा विचारलं, तात्यांनी तुम्हाला वाचवलं, का त्यांना तुमची गरजच उरली नव्हती? आत्या आता ऐंशीच्या पुढं आहे. अजूनही एवढंच सांगते...

गाडी हलली तेव्हा तिनं खिडकीतून वळून पाहिलं. तात्या फलाटावरून परत निघाले होते. तात्या तसे भराभर चालणारे. पण त्या दिवशी ते अगदी हळू चालले होते. पावलं आखडून. मधेच थांबत, डावीकडे बघत, शेजारच्याला दम खाऊ देत.

ऊन रखरखीत होतं. फलाटावर दुसरं कुणीच नव्हतं.