एक टिंग म्हणजे हो

ही गोष्ट खरी आहे. ज्यांना खोटी वाटेल त्यांनी खुशाल वाटून घ्यावी. फक्त दुपारी घरात एकटं असताना वाचू नये.

दुपारी म्हणतोय, कारण हे रात्री घडलंच नाही. अमावस्या नाही, स्मशान नाही. २००४ साल, दिवाळी नुकतीच आटोपलेली, वसईतला एक लग्नाचा हॉल, आणि जेवणानंतरची सुस्त वेळ.

माझी मावशी तिथे हजर होती.

मावशीचं नाव संपदा. राहायची विरारला, मनवेलपाड्यात. वसईला डॉक्टर चंद्रहास यांच्याकडे मशीन चालवायची नोकरी होती.

आता हे डॉक्टर. मेंदूचे शास्त्रज्ञ. अमेरिकेतून शिकून आले आणि येताना माणुसकी तिकडेच विसरले. रिक्षावाल्याशी इंग्रजीत बोलायचे आणि त्याला कळलं नाही की त्यालाच हसायचे. नाकाने कांदे सोलणारा माणूस कसा दिसतो ते मावशीला रोज फुकटात बघायला मिळायचं.

काम मात्र मोठं होतं, ते नाकारता येत नाही. पेशंटच्या डोक्यावर तारांची टोपी घालायची. टोपीतून मेंदूच्या लहरी कॉम्प्युटरमध्ये यायच्या. कॉम्प्युटरला एक घंटा जोडलेली. पेशंटने उजवी मूठ आवळतोय असं नुसतं मनात आणायचं, की घंटा वाजणार.

एक टिंग म्हणजे हो.

दोन टिंग म्हणजे नाही.

पेशंट होते कॉन्रॅड. केळीची वाडी करणारा उभा-आडवा गडी. मेंदूत रक्तस्राव झाला आणि कायमचा अंथरुणाला लागला. बोट हलेना, जीभ हलेना. डोळे उघडे असायचे, पण बघतायत की नाही ते कुणालाच कळायचं नाही. त्यांची बायको एमिली त्यांची कूस बदलायची, अंग पुसायची, नळीने पेज घालायची, आणि संध्याकाळी उशाशी बसून प्रार्थना म्हणायची.

डॉक्टर म्हणाले, पैसे नकोत, मी घरी येऊन फुकट बघतो, फक्त तपासताना खोलीत घरचं कुणी नको. आवळा देऊन कोहळा काढायचा, दुसरं काय.

सुरुवातीला घंटा वाजेचना. लहर फार क्षीण यायची. मग डॉक्टरांनी युक्ती काढली. कॉन्रॅडच्या उजव्या तळहातात सुई टोचायची. म्हणजे मेंदूला हाताची आठवण होईल.

"सर, त्यांना दुखत असेल," मावशी म्हणाली.

"लाकडाला दुखतं का? लहर बघ किती छान आली."

लहर खरंच छान आली होती. घंटा खणखणीत वाजली. तीच लहर डॉक्टरांनी सीडीवर रेकॉर्ड करून ठेवली. हवी तिथे एकदा जोडली, हवी तिथे दोनदा.

एमिलीला तळहातावरचे लाल ठिपके दिसले. ती दवाखान्यात आली. तिची घरची बोली मला लिहायला जमणार नाही, साध्या मराठीत सांगतो.

"डॉक्टर, घंटा वाजायला लागली म्हणे. एकच विचारा त्यांना. दुखतं का, तेवढंच. मी रोज कूस बदलते. मला कळतच नाही, मी दुखवते की काय."

"बाई, हे संशोधन आहे. घरगुती चौकशा नंतर."

नंतर म्हणजे कधीच नाही. पावसाळा संपता संपता कॉन्रॅड गेले. चर्चची घंटा झाली, सगळी आळी जमली. डॉक्टर मातीला आले नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र सकाळी सकाळी हजर.

टोपी न्यायला.

आणि मग तो हॉल. कार्यक्रम डॉक्टरांनीच ठरवला होता. पुढे पाहुणे, दोन बिल्डर, एक पत्रकार. टेबलावर कॉम्प्युटर, त्याला जोडलेली घंटा, आणि शेजारी थर्माकोलच्या डोक्यावर घातलेली ती टोपी. एमिलीला शाल-श्रीफळ द्यायला बोलावलं होतं. काळे कपडे घालून ती पहिल्या रांगेत बसली होती. मांडीवर शाल, शालीवर नारळ.

"पेशंट आज हयात नाही," डॉक्टर म्हणाले, "पण त्याचा मेंदू आपल्या ताब्यात आहे."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. लोक कशालाही वाजवतात.

मावशीने सीडी लावली. डॉक्टरांनी प्रश्न विचारले. उत्तरं आधीच भरलेली, प्रश्न त्यांना जुळवून घेतलेले. आमच्या शाळेत याला कॉपी म्हणायचे.

"तुमचं नाव कॉन्रॅड?"

टिंग.

"तुम्ही दिल्लीला राहता?"

टिंग... टिंग.

पुन्हा टाळ्या. रेकॉर्डिंग संपलं. मावशीने सीडी बाहेर काढली.

आणि...

टिंग.

डॉक्टरांनी मावशीकडे डोळे वटारले. तिने हातातली सीडी वर करून दाखवली.

टिंग.

मावशीने घंटेची वायर उपटली. वायर तिच्या हातात लोंबत होती.

टिंग.

"आमच्या मॅडमना अजून बरंच शिकायचंय," डॉक्टर पाहुण्यांना म्हणाले आणि हसले. पत्रकारही हसला. पंखे घरघरत होते. हळूहळू हसू विरलं, आणि नुसते पंखे उरले.

एमिली उठली. टेबलापाशी आली. टोपीकडे तिने बघितलंही नाही. घंटेजवळ वाकली, आजारी माणसाच्या तोंडाशी वाकतात तशी.

"दुखतं का?"

टिंग.

"हातात?"

टिंग.

"अजून?"

या वेळी वेळ लागला.

टिंग.

मावशी सांगते, एमिली रडली नाही. तिने नारळ टेबलावर ठेवला, घंटा उचलली, सत्काराच्या शालीत गुंडाळली आणि चालायला लागली.

"अहो बाई, ती घंटा दवाखान्याची आहे," डॉक्टर ओरडले.

इतकं सगळं ऐकून या शहाण्याला हेच सुचलं.

मावशीने त्याच दिवशी नोकरी सोडली. हातातली सीडी तिने घरी नेऊन मोडली. पण उपयोग काय? डॉक्टरांनी प्रती आधीच वाटल्या होत्या. एक पुण्याला, एक बंगलोरला, काही परदेशात.

घंटा एमिलीच्या घरी, आल्तारावर, म्हणजे त्यांच्या देव्हाऱ्यात, मारिया मातेच्या पायाशी असते. वायर नाही, बॅटरी नाही. महिनोन्महिने गप्प असते. मग एखाद्या दुपारी...

टिंग.

एमिली हातातलं काम ठेवते. मेणबत्ती लावते. "कोणीतरी ती सीडी लावली," एवढंच म्हणते, आणि घंटा थांबेपर्यंत तिथे बसून राहते.

२००९ च्या नाताळाआधी मावशी तिला भेटायला गेली होती. चहा पुढे आला आणि घंटा वाजली. एमिलीने मेणबत्ती लावली. पुन्हा वाजली. लगेच पुन्हा. चहावर साय धरली तरी थांबेना. शेवटी एमिलीने घंटा मांडीवर घेतली, दोन्ही तळव्यांत घट्ट दाबून धरली. तिच्या हातांखाली ती वाजतच राहिली.

"संपदा, आज काय झालंय गं?"

उत्तर दुसऱ्या दिवशी पेपरात आलं. डॉक्टर चंद्रहास यांचा फोटो, खांद्यावर शाल. त्यांनी ते रेकॉर्डिंग इंटरनेटवर ठेवलं होतं. सगळ्या जगाला, फुकट. कुणीही, कधीही लावावं. त्या औदार्याबद्दल सत्कार झाला होता.

डॉक्टरांना पुढे काय झालं विचाराल, तर काही नाही. अशांना काही होत नसतं. मावशी मात्र त्या आळीत पुन्हा शिरली नाही. ती म्हणते, आता कोपऱ्यावरूनच घंटा ऐकू येते.

माझा आधी विश्वास नव्हता. म्हणून एका दुपारी सायबर कॅफेत बसून मी ते रेकॉर्डिंग शोधलं. सापडलं. बोट माऊसवर होतं, पण मी ते लावलं नाही, शपथ.

खाली आकडा होता... आजवर किती जणांनी लावलं त्याचा.

मी बघत असतानाच तो एकाने वाढला.